माशांचे रोग आणि परसांतील वनौषधि

तोंडवलीपासून तळाशीलपर्यंतचा प्रदेश म्हणजे एका अंगास अरबी समुद्र व दुसऱ्या अंगास गड नदीची कालावल खाडी यांच्यामध्यें पसरलेली वाळूची चिंचोळी पट्टी होय. येथील मुलांना बांगडा कोणता व सुरमई कोणती हें शाळेंत शिकवावें लागत नाहीं. परंतु जाळें टाकून धरलेला मासा निराळा आणि तळ्यांत किंवा पिंजऱ्यांत वाढविलेला मासा निराळा. पहिल्याचें संगोपन समुद्र करतो. दुसऱ्याचें आपणांस करावें लागतें. त्याचें खाणें, त्याचें पाणी आणि त्याचें दुखणें हीं तिन्ही आपल्या माथीं येतात. सिंधुदुर्ग जिल्ह्यांत गेल्या कांहीं वर्षांत खाड्यांच्या आश्रयानें जिताडा, खेकडा, कोळंबी इत्यादि वाढविण्याचे उद्योग सुरू झाले आहेत. आंतल्या गांवांत शेततळ्यांतून रोहू, कटला हे गोड्या पाण्यांतील मासेहि पाळले जातात. अशा घरांतून एक प्रश्न वारंवार कानांवर येतो: "परसांतल्या झाडपाल्यानें माशांचे रोग बरे होतात, असें म्हणतात, तें कितपत खरें?" या प्रश्नाचें उत्तर शास्त्राच्या आधारें देण्याचा या लेखांत प्रयत्न केला आहे.

प्रश्न केवळ जिज्ञासेचा नव्हे. ज्या कुटुंबानें कर्ज काढून पिल्लें सोडलीं, त्याचें वर्षाचें उत्पन्न त्या पाण्यांत असतें. रोग शिरला तर आठ-दहा दिवसांत सर्व कष्ट वाया जाऊं शकतात. अशा वेळीं घाबरलेला मनुष्य दोन मार्गांपैकीं एकाकडे धांवतो. एक मार्ग म्हणजे दुकानांतून मिळेल तें प्रतिजैविक औषध आणून पाण्यांत ओतणें. यानें कांहीं जंतु मरतात हें खरें. परंतु जे चिवट असतात ते उरतात, त्यांचीच प्रजा वाढते, आणि पुढें तेंच औषध निरुपयोगी ठरतें. तो चिवटपणा माणसांच्या रोगजंतूंपर्यंतहि पोंचूं शकतो. शिवाय औषधाचा अंश माशाच्या मांसांत उरला तर परदेशीं पाठविलेला माल परत येतो. क्लोरँफेनिकॉल, नायट्रोफ्युरान यांसारख्या औषधांचा वापर मत्स्यसंवर्धनांत आपल्या देशांत निषिद्ध आहे, तो याचमुळें. दुसरा मार्ग म्हणजे कोणी सांगेल त्या झाडाचा पाला खुडून तळ्यांत टाकणें. तो कमी धोक्याचा वाटतो. पण तोहि आंधळाच आहे. डोळस मार्ग कोणता हें समजण्यासाठीं प्रथम शत्रूची ओळख करून घेतली पाहिजे.

माशांना रोग देणाऱ्या जंतूंमध्यें गोड्या पाण्यांतील प्रमुख जंतु म्हणजे एरोमोनस हायड्रोफिला. हा रक्तांत शिरला म्हणजे माशाच्या अंगावर लाल चट्टे व व्रण दिसूं लागतात, पर झडतात, पोटांत पाणी सांठून तें फुगतें आणि खवले उभे राहतात. खाऱ्या व निमखाऱ्या पाण्यांत विब्रिओ या वंशाच्या जंतूंचा उपद्रव अधिक. माणसाला पटकी देणारा जंतु याच वंशांतला. यांपैकीं विब्रिओ हार्वेयी नांवाची एक जाति स्वयंप्रकाशी असून, कोळंबीच्या बीजकेंद्रांत तिचा शिरकाव झाला कीं रात्रीं टाकींतलें पाणी व मरूं घातलेलीं पिल्लें मंद उजेडानें चमकतात. दिसावयास हें दृश्य मोठें मनोहर. पण बीजकेंद्राच्या मालकास तें धडकी भरविणारें असतें.

येथें एक महत्त्वाची गोष्ट लक्षांत ठेवावी. हे जंतु कोठून तरी बाहेरून येऊन अचानक हल्ला करतात असें बहुधा नसतें. ते पाण्यांत सदैव थोडेबहुत असतातच. मग मासा रोज आजारी कां पडत नाहीं? अमेरिकेंतील मत्स्यरोगतज्ज्ञ स्निएश्को यांनीं १९७४ सालीं याचें उत्तर सुबोध रीतीनें मांडलें. मासा, जंतु व पाणी अशीं तीन वर्तुळें कल्पावीं. तीं तिन्ही जेथें एकमेकांवर येतात, तेथेंच रोग उत्पन्न होतो. दाटी झाली, पाण्यांतला प्राणवायु घटला, जाळें लागून कातडीस जखम झाली किंवा पाण्याचा गुण एकाएकीं पालटला म्हणजे माशाची प्रतिकारशक्ति खालावते आणि एरवीं निरुपद्रवी असणारा जंतु वैरी बनतो. आपल्या खाडीचेंच उदाहरण घ्या. मृगाचा पाऊस पडूं लागला व नदीचें पाणी लोटूं लागलें कीं कांहीं दिवसांतच खाडीचें खारेपण उतरतें. मोकळा मासा सोईच्या पाण्याकडे निघून जातो. पिंजऱ्यांतल्या माशाला तें करतां येत नाहीं. म्हणून अशा दिवसांत त्याची अधिक काळजी घ्यावी लागते.

आतां वनस्पतींकडे वळूं. झाडाला पाय नाहींत. शत्रु आला तर त्याला पळतां येत नाहीं. कीटक, बुरशी व जंतु यांच्यापासून स्वतःचें रक्षण करण्यासाठीं तें आपल्या पानांत, सालींत, मुळांत नानाविध द्रव्यें तयार करतें. माणसाला जें औषध म्हणून उपयोगी पडतें, तें मूळचें झाडाचें शस्त्र होय. लसणीचा दाखला पाहा. अखंड पाकळीला फारसा वास नसतो. ती ठेंचली म्हणजे तिच्यांत निरनिराळ्या कप्प्यांत ठेवलेले दोन पदार्थ एकत्र येतात आणि त्यांपासून ॲलिसिन नांवाचें उग्र वासाचें द्रव्य तयार होतें. अमेरिकेंतील कॅव्हलिटो व बेली या रसायनशास्त्रज्ञांनीं तें १९४४ सालीं वेगळें काढून त्याचा जंतुनाशक गुण दाखवून दिला. यावरून एक व्यावहारिक गोष्ट कळते: लसूण न ठेंचतां अखंडच उकळली तर उष्णतेनें त्या दोहोंपैकीं एक पदार्थ निकामी होतो आणि ॲलिसिन बनतच नाहीं. म्हणजे औषध कोणतें याइतकेंच, तें कसें तयार केलें, यालाहि महत्त्व आहे.

हळदीचेंहि तसेंच. तिचा पिवळा घटक जो कर्क्युमिन, तो पाण्यांत जवळजवळ विरघळत नाहीं. मद्यार्कांत चांगला विरघळतो. म्हणून हळदीचा काढा व हळदीचा मद्यार्कांतील अर्क यांना एकच औषध समजणें चूक आहे. कडुनिंबाच्या तेलांतून सलीमुझ्झमान सिद्दिकी या भारतीय शास्त्रज्ञानें १९४२ सालीं निंबिन हें कडू द्रव्य वेगळें काढलें आणि तेव्हांपासून त्या वृक्षाच्या रसायनांचा अभ्यास आजतागायत चालू आहे. पेरूचीं पानें, अंगणांतल्या देशी बदामाचीं पानें यांत टॅनिन हें तुरट द्रव्य असतें. तें जंतूंच्या प्रथिनांना आवळून धरतें. थायलंडांतील संशोधकांनीं पेरूच्या पानांचा अर्क कोळंबीस पिडणाऱ्या विब्रिओ जंतूंवर योजून पाहिला आहे. शोभेचे मासे पाळणारे लोक तर टाकींत बदामाचें वाळलें पान आवर्जून टाकतात.

आपल्या पश्चिम किनाऱ्यावरील झाडपाल्याचें ज्ञान फार जुनें आहे. कोचीनचा डच अधिकारी व्हान ऱ्हीड यानें हॉर्टस मलबारिकस हा बारा खंडांचा सचित्र ग्रंथ तयार करविला. तो १६७८ ते १६९३ या काळांत ॲम्स्टरडॅम येथें छापला गेला. त्यांत सातशेंहून अधिक वनस्पतींची माहिती आहे. ती पुरविणाऱ्यांत इट्टी अच्युतन हे मलबारी वैद्य आणि रंगभट, विनायक पंडित व आपूभट हे तीन कोंकणी ब्राह्मण वैद्य होते. त्या तिघांचें नागरी लिपींतलें प्रमाणपत्र त्या ग्रंथांत आजहि पाहावयास मिळतें. पूर्वजांचें असें ज्ञान आदरास पात्र आहे यांत शंका नाहीं. परंतु खरा आदर म्हणजे तें पारखून घेणें.

ती पारख प्रयोगशाळेंत कशी करतात? अगर नांवाचा एक पदार्थ समुद्रशैवालापासून काढतात. त्याची खीर शिजवून थंड केली म्हणजे ती वडीसारखी घट्ट होते. जंतु वाढविण्यासाठीं तो वापरावा ही युक्ति १८८१ सालीं जर्मनींत फॅनी हेस्स या गृहिणीस आपल्या स्वयंपाकाच्या अनुभवावरून सुचली! कांचेच्या उथळ ताटलींत हा अगर ओतून त्यावर रोगजंतु सारखे पसरतात. मग टिपकागदाच्या लहान टिकल्या वनस्पतीच्या अर्कांत भिजवून त्यावर ठेवतात. एका दिवसानें पाहिलें तर ताटलीभर जंतूंची दुधाळ साय आलेली असते; परंतु अर्क गुणकारी असेल तर टिकलीच्या सभोंवतीं स्वच्छ वर्तुळ राहतें. त्या वर्तुळाचा व्यास मिलिमीटरांत मोजतात.

परंतु खरी कसोटी पुढेंच आहे. अर्क मद्यार्कांत काढला असेल तर जंतु अर्कानें मेले कीं मद्यार्कानें? हें ठरविण्यासाठीं नुसत्या मद्यार्काची एक टिकली त्याच ताटलींत ठेवावी लागते. कोकमाच्या सालींत गार्सिनॉल हें जंतुविरोधी द्रव्य आहे. पण तीच साल अत्यंत आंबटहि असते. मग वर्तुळ पडलें तें गार्सिनॉलमुळें कीं केवळ आम्लामुळें? त्यासाठीं तितक्याच आंबटपणाच्या दुसऱ्या द्रवाची टिकली हवी. या तुलनेवांचून केलेला प्रयोग म्हणजे एकाच पारड्याचा तराजू होय. "मीं पाला टाकला आणि मासे बरे झाले" या वाक्याची उणीव आतां तुमच्या ध्यानांत येईल. पाला न टाकलेल्या शेजारच्या तळ्यांतले मासे त्याच आठवड्यांत बरे झाले नाहींत कशावरून?

आणखी एक अडचण जंतूंच्या अंगरचनेंतच आहे. डेन्मार्कचे डॉक्टर ग्राम यांनीं १८८४ सालीं जंतूंना रंग देण्याची रीति शोधून काढली. तीवरून जंतूंचे दोन मोठे वर्ग पडले. ज्यांवर जांभळा रंग टिकतो ते ग्राम-धन व ज्यांवर टिकत नाहीं ते ग्राम-ऋण. ग्राम-ऋण जंतूंना बाहेरून एक अधिक आवरण असतें आणि तें पुष्कळशा वनस्पतिद्रव्यांना आंत शिरूं देत नाहीं. आतां गंमत पाहा: एरोमोनस, विब्रिओ, एडवर्डसिएला हे माशांचे मोठे वैरी बहुतेक याच वर्गांतले. म्हणून माणसाच्या जखमेंतल्या एखाद्या ग्राम-धन जंतूवर जो अर्क चालतो, तो माशाच्या रोगावर चालेलच असें नाहीं. प्रत्येक जंतूसाठीं प्रत्येक अर्क निराळा तपासला पाहिजे.

समजा, ताटलींत एखादा अर्क उत्तम ठरला. तो तळ्यांत ओतला कीं काम झालें काय? येथें वर्गांत शिकलेलें अंकगणित कामास येतें. एक गुंठ्याचें तळें घ्या. गुंठा म्हणजे सुमारें १०० चौरस मीटर. पाण्याची खोली १ मीटर धरली तर १०० घनमीटर, म्हणजे १,००,००० लिटर पाणी झालें. दर लिटरास १ ग्रॅम अर्क असतां जंतूंची वाढ थांबते असें माना. मग त्या तळ्यास १०० किलो अर्क लागेल. १० किलो वाळल्या पानांपासून १ किलो अर्क निघतो असें धरलें, तर १,००० किलो वाळलीं पानें हवींत! एवढा पाला गांवांत मिळणार नाहीं. आणि मिळून पाण्यांत टाकला तर कुजण्याच्या क्रियेंत पाण्यांतला प्राणवायु संपून, रोगानें न मेलेले मासे औषधानें मरतील.

मग वनौषधींचा मार्ग खुंटला काय? नाहीं, तो पाण्यांतून जाण्याऐवजीं माशाच्या पोटांतून जातो. त्याच तळ्यांत ५० किलो मासे आहेत व त्यांना रोज वजनाच्या ३ टक्के, म्हणजे १.५ किलो खाद्य लागतें असें समजा. दर किलो खाद्यांत ५ ग्रॅम औषधी पूड मिसळली तर दिवसाला अवघी ७.५ ग्रॅम पूड पुरेल. कोठें १,००० किलो आणि कोठें ७.५ ग्रॅम! (हे आंकडे हिशेब समजण्यासाठीं घेतले आहेत; औषधाची मात्रा म्हणून ते कोणीं वापरूं नयेत.) इतक्या अल्प पुडीनें पाण्यांतले जंतु मरत नाहींत. ती माशाच्या स्वतःच्या संरक्षक शक्तीस जागृत करते. रक्तांतल्या जंतुभक्षक पेशी अधिक चपळ होतात आणि जंतूंचें आवरण विरघळविणारें लायसोझाइम हें द्रव्य वाढतें. पेनिसिलिनचे शोधक फ्लेमिंग यांनीं १९२२ सालीं ज्याचा शोध प्रसिद्ध केला, तेंच हें लायसोझाइम होय.

या दिशेनें आपल्याच देशांत चांगलें काम झालें आहे. भुवनेश्वरजवळील कौसल्यगंगा येथें गोड्या पाण्यांतील मत्स्यसंवर्धनाची केंद्रीय संस्था आहे. तेथील संशोधकांनीं रोहू माशाच्या पिल्लांना लसूण, हळद यांप्रमाणेंच आंब्याच्या कोयीच्या आंतला गर खाद्यांतून देऊन पाहिला. आंब्याच्या गराचे निष्कर्ष २००७ सालीं प्रसिद्ध झाले. नंतर त्या माशांच्या शरीरांत मुद्दाम एरोमोनस जंतु सोडले, तेव्हां साधें खाद्य खाल्लेल्या माशांपेक्षां गर खाल्लेले मासे अधिक संख्येनें वांचले. कोंकणांतील मुलांना हें वाचून नवल वाटेल. कारण ज्येष्ठांत आपण ज्या कोयी उकिरड्यावर टाकतों, त्यांतच हा गुण निघाला. मुंबईस वर्सोवा येथें १९६१ सालीं स्थापन झालेल्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेंतहि अश्वगंधाच्या मुळाचा रोहूवर असाच प्रयोग झाला असून तो २०१० सालीं प्रसिद्ध झाला. या प्रयोगांतून ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट अशी कीं औषध रोग होण्यापूर्वीं दिलें गेलें. आजारी मासा बहुधा खाणेंच सोडतो. त्याला खाद्यांतून औषध कसें देणार? वनौषधि ही अशा रीतीनें आग विझविण्याचें पाणी नसून घराची भिंत बळकट करण्याची माती आहे.

पालकांच्या चरणीं एक इशारा नम्रपणें ठेवावासा वाटतो. "झाडपाला आहे, त्यानें अपाय काय होणार?" ही समजूत माशांच्या बाबतींत फार घातक आहे. पूर्वीं रानांतल्या ओढ्यांत गेळाचें फळ किंवा कुंभ्याची साल ठेंचून टाकीत आणि मासे गुंगून वर येत, हें वृद्धांना ठाऊक असेल. (पाण्यांत विष कालवून मासे मारणें १८९७ सालच्या भारतीय मत्स्य अधिनियमानें गुन्हा ठरविलें.) तळ्यांतले नको असलेले मासे मारण्यासाठीं मोहाची पेंड हेक्टरी सुमारें २,५०० किलो या प्रमाणांत आजहि टाकतात. तींतील सॅपोनिन नांवाचें फेंसाळ द्रव्य कल्ल्यांवाटे शिरून रक्तांतल्या तांबड्या पेशी फोडतें. त्याचा विषार उतरण्यास दोन-तीन आठवडे लागतात. कडुनिंबाचें तेल व बियांचा अर्क हेहि अधिक मात्रेंत माशांना मारक आहेत. औषध व विष यांच्यामध्यें पुष्कळदां केवळ मात्रेचीच सीमारेषा असते.

दुसरा इशारा निदानाविषयीं. अंगावरचा प्रत्येक व्रण जंतूंमुळेंच होतो असें नाहीं. १९८८ सालीं भारतांत शिरलेला व्रणरोग ॲफॅनोमायसिस नांवाच्या बुरशीसदृश जीवामुळें होतो. जंतु मागाहून त्या जखमेंत घुसतात. कोळंबीचा श्वेतठिपक्यांचा रोग विषाणूचा आहे. १९९४ च्या सुमारास त्यानें आपल्या देशांतील कोळंबीच्या तळ्यांची धूळधाण केली आणि त्यावर ना प्रतिजैविक चालतें ना झाडपाला. तेथें निरोगी बीज निवडणें हाच उपाय. म्हणून रोग दिसतांच औषध शोधण्याआधीं तो कोणता हें विचारलें पाहिजे. रत्नागिरीजवळ शिरगांव येथें कोंकण कृषि विद्यापीठाचें मत्स्य महाविद्यालय १९८१ पासून आहे. जिल्ह्याचें मत्स्यव्यवसाय खातेंहि आहे. मरूं घातलेला मासा बर्फांत घालून व पाण्याचा नमुना स्वच्छ बाटलींत भरून तज्ज्ञांस लवकर दाखविणें, हें दहा लोकांच्या दहा सल्ल्यांहून हितकर आहे.

तोंवर घरच्या माणसांच्या हातीं जें आहे तें थोडें नाहीं. पिल्लें दाट सोडूं नयेत. नवीं आणलेलीं पिल्लें कांहीं दिवस निराळीं ठेवावीं. मेलेला मासा पाण्यांत राहूं देऊं नये. चुना टाकून दूर पुरावा. उरलेलें खाद्य तळाशीं कुजूं देऊं नये. जाळें, बादली एका तळ्यांतून दुसऱ्यांत नेण्यापूर्वीं धुऊन उन्हांत वाळवावी. हीं कामें साधीं दिसतात. पण स्निएश्कोंच्या त्या तीन वर्तुळांना एकमेकांपासून दूर ठेवण्याचें सामर्थ्य यांतच आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्याकडूनहि एक काम व्हावें. घरीं जंतु वाढविण्याचा खटाटोप मात्र करूं नका. तें काम प्रयोगशाळेचें आहे. परंतु एक वही करा. तींत रोज सकाळीं तळ्याच्या किंवा खाडीच्या पाण्याचा रंग, पाऊस, माशांची हालचाल व त्यांनीं खाल्लें कीं नाहीं, हें दोन ओळींत लिहा. शेवटच्या पानांवर आजी-आजोबांस विचारून गांवांतल्या औषधी झाडांचीं मालवणी नांवें व त्यांचे उपयोग टिपा. माशांस मारक अशीं झाडें त्यांत वेगळीं नोंदवा. अशी वही एक वर्ष चालली तर रोग आल्यावर तज्ज्ञांस ती दाखवितां येईल आणि "आदल्या आठवड्यांत काय घडलें?" या त्यांच्या पहिल्याच प्रश्नाचें उत्तर तुमच्यापाशीं तयार असेल. तुमच्यांतील एखादा उद्यां मत्स्यशास्त्राचा अभ्यास करूं लागला, तर खाडीकांठच्या ज्या झाडाची अद्याप कोणीं परीक्षा केली नाहीं, तें झाड कदाचित् तुमच्याच वहींत त्याला सांपडेल.